अंगावर नाही, अंगात!

मित्रांनो, मला पाहायचं म्हटलं तर दिसणार नाही. पुंजारामच्या बरगडीखाली बोटांनी चाचपलंत, तर मात्र सापडेन. मी एक गोल, गुळगुळीत चकती आहे. माझी बारीक तार थेट त्याच्या पाठीच्या कण्यापर्यंत जाते. हसू नका हं! माणसाच्या अंगात यंत्राचं काय काम, हे कोडं मलाही पडलं होतं.

पुंजाराम सातपूरच्या कारखान्यात लेथवर कामाला. पाठीचं ऑपरेशन झालं, तरी त्याचा पाय रात्रंदिवस ठणके. १९८४ साली मुंबईच्या डॉक्टरांनी मला त्याच्या कातडीखाली बसवलं. कमरेला ट्रान्झिस्टरसारखी एक डबी असे; तिचं बटण दाबलं, की माझ्या तारेमुळे पायाला मुंग्या येत आणि ठणका मागे पडे. शेजारी चिडवत, "काय पुंजाराम, बातम्या लागल्या का?" मला केवढा अभिमान वाटे!

डॉक्टरांनी बजावलं होतं, "जखम चिघळू शकते, तार सरकू शकते. आणि मशीनचा शेक कधीच घ्यायचा नाही. तार तापली तर नस भाजेल, पाय जाईल."

पुढे पुंजारामचा खांदा धरला. "शेक खांद्याला घ्यायचाय, पाठीला थोडाच?" असं म्हणत तो बायकोला, सुलाबाईला, घेऊन गंगापूर रोडच्या दवाखान्यात गेला.

तिथल्या शेक देणाऱ्या बाईंनी विचारलं, "काका, अंगावर धातूचं काही आहे का?"

घड्याळ, अंगठी, चांदीचा करदोडा, डबीसुद्धा, सगळं त्याने सुलाबाईच्या ओटीत टाकलं. "आता काय बी नाय."

खोटं कुठे बोलला बिचारा? मी अंगावर नव्हतेच ना!

मशीन सुरू झालं. शेक खांद्याला, पण मशीनच्या लहरी माझ्या तारेने ओढून घेतल्या आणि तिचं टोक तापू लागलं. अहो थांबवा! पण मला तोंड कुठलं?

पुंजाराम पडद्याआडून खुशीत म्हणाला, "लय भारी शेक! पार पायापर्यंत लागतोय!"

सुलाबाई चमकली. खांद्याचा शेक पायाला कसा? ओटीतल्या डबीकडे नजर गेली आणि ती किंचाळली, "बंद करा वो बाई! अंगावर नाय, यांच्या अंगात हाय!"

बाईंनी झटकन बटण बंद केलं.

पाय वाचला, मित्रांनो. अंगठा तेवढा अजून बधिर आहे. मी अजूनही इमानाने काम करते, पण स्वतःविषयी सांगू शकत नाही. म्हणून ज्याच्या अंगात मी आहे त्या माणसाने सांगावं, आणि तुम्ही कधी डॉक्टर झालात, तर अंगावरचं विचारून थांबू नका. अंगात काय आहे, तेही विचारा.