पलंगाच्या पायथ्याशी कोण?

या, जवळ सरका. पाय पसरून बसलात तरी कुणी रागावणार नाही, कारण गोष्ट पायांचीच आहे. हिच्यात एक दोरी आहे, एक पांघरूण आहे आणि पलंगाच्या पायथ्याशी बसणारी एक बाई आहे. ती भूत होती की आणखी कुणी, ते ऐकून तुम्हीच ठरवा.

एका मोठ्या हॉटेलाच्या मागे कामगारांच्या खोल्यांची ओळ होती आणि ओळीच्या टोकाला धुतलेल्या चादरींची खोली. त्या दुपारी तिथं मुंगीला शिरायला जागा नव्हती. खोल्या आवरणाऱ्या बाया, भांडीवाले, लिफ्टवाला, दारावरचा रखवालदार, सगळे एकमेकांच्या मांडीला मांडी लावून बसलेले. आणि उशांच्या गठ्ठ्यावर, मऊ जागा हेरून, दोऱ्या देऊन दुखणी पळवणारे दोरीमहाराज विराजमान झालेले.

"रात्री पायात गोळा येतो की नाही?" महाराज गरजले.

"येतो!"

"पोटरीचा दगड होतो की नाही?"

"होतो महाराज, आणि अंगठा आपला आपणच वाकडा होतो!" लिफ्टवाल्यानं भर घातली.

"पोटरी म्हणजे पाताळाचं दार! नाड्यांचा राजा तिथं निजतो. त्याला कोण डिवचतं?"

यावर सगळे हळूच मावशीकडे बघू लागले. मावशीनं मान खाली घातली.

मावशी म्हणजे खोल्या आवरणाऱ्या बायांची मुकादम. तिच्या हातचा पलंग बघत राहावा असा. चादरीवर किल्ली टाकली तर टणकन उडायची. पांघरुणाचा पायथा गादीखाली असा दडपलेला की आत शिरायला पाहुण्याला कसरत करावी लागे. हे सगळं तिला मोठ्या बहिणीनं, ताईनं शिकवलं. आधीची मुकादम तीच. दोघींनी या ओळीतल्या एकाच खोलीत निम्मं आयुष्य काढलं. मागच्या हिवाळ्यात ताई आजारपणात गेली. तिचं सगळं शेवटपर्यंत मावशीनंच केलं. आणि त्यानंतर हे पायाचं दुखणं ओळीत शिरलं. आधी मावशीला, मग शेजारणीला, मग जवळजवळ प्रत्येक खोलीत रात्री कुणीतरी ओरडत उठू लागलं.

महाराजांनी आल्या आल्या विचारलं होतं, "त्रास कधीपासून?" कुणीतरी भाबडेपणानं सांगितलं, "ताई गेल्यापासून." झालं! महाराजांनी डोळे मिटले, उघडले आणि निकाल दिला. "तीच ती. पायथ्याशी बसते, पाय धरते. धाकटीवर राग आहे तिचा."

मग त्यांनी सगळ्यांना पिवळ्या दोऱ्या वाटल्या, अर्थात दक्षिणा घेऊन. दोरीचा फास पावलाला, बोटांच्या मुळाशी अडकवायचा, दुसरं टोक हातात ठेवायचं. दोरी पांघरुणाखाली दाबली गेली तर शक्ती मरते, म्हणून पायथा मोकळा सोडायचा. गोळा आलाच, तर टोक नाकाकडे ओढत म्हणायचं: "सूट सूट नाडी, सोड सोड कुडी, पायथ्याच्या बाई, घे तू उडी!" आणि गंमत अशी, की गुण येत होता. गोळे कमी झाले. आले तरी लवकर सुटले. मग काय विचारता! भांडीवाल्यांनी तर महाराजांचा जयजयकार करत पातेली वाजवली.

आज शेवटचा बंदोबस्त होता. ताईचा फोटो आणि तिची शाल धुलाईच्या बॉयलरच्या भट्टीत टाकायची, आणि पुढे तिचं नाव कुणीही, कधीही घ्यायचं नाही. मावशी फोटो आणायला म्हणून खोलीकडे निघाली, तर खोलीच्या दारातच भाची उभी. ताईची लेक, शाळेत खेळ शिकवणारी. गळ्यात शिट्टी, पायात बूट.

"मावशी, भिंतीवर नुसता खिळा कसा? आईचा फोटो कुठाय?"

"पेटीत. हळू बोल गं." मावशीनं सगळं सांगितलं. सांगता सांगता तिला रडू फुटलं. "रात्री माझेच पाय धरते म्हणे. मी काय कमी केलं होतं तिचं?"

भाचीची कानशिलं तापली. पण खेळाची बाई ती, रागात शिट्टी वाजवायची नाही हे तिला ठाऊक. तिनं आधी खोली निरखली. नजर पलंगावर थांबली.

"पायथा असा ढिला? तुझ्या खोलीत?"

"महाराजांचा नियम. बघवत नाही मला, पण दोरी दाबली जायला नको ना."

"आणि दोरीच्या आधी?"

"आधी घट्ट! मुकादम झाले त्या दिवशीच सांगितलं, आपल्या ओळीतले पलंगसुद्धा पाहुण्यांसारखेच दिसले पाहिजेत. रोज फिरून बघायचे मी. कुणाचा कोपरा सुटलेला दिसला की त्याची खैर नसायची."

"आईच्या वेळी?"

"तिचं आपलं भलतंच. पाहुण्यांचा पलंग घट्ट, आपला ढिला. यावरून वाजायचं आमचं."

भाची पहिल्यांदा हसली. "चल मावशी. फोटो राहू दे पेटीत."

चादरींच्या खोलीत शिरून तिनं हात जोडले. "महाराज, बंदोबस्ताआधी एक शंका. आई तुमचेही पाय धरेल का?"

"आमचे? आम्हाला बघून यमाचा रेडा रस्ता बदलतो, बेटा!"

"मग सोपं झालं. मावशी पूर्वीसारखा पलंग करेल. तुम्ही दोरीशिवाय आडवे व्हा, आणि आई पायथ्याशी बसली असेल तर लाथा मारून तिला हाकलून द्या. जाळाजाळ कशाला?"

"होऊन जाऊ द्या, महाराज!" रखवालदार ओरडला. त्याच्यामागे सगळी खोली ओरडली. महाराजांना गठ्ठ्यावरून खाली उतरावंच लागलं.

जादा पाहुण्यांसाठीची घडीची खाट उघडली. मावशीनं चादर झटकली, ताणली, महाराजांना आत सरकवलं आणि पांघरुणाचा पायथा असा दडपला की महाराजांचे पंजे बिचारे पुढे वाकून चपटे झाले.

"ही घे लाथ!" महाराजांनी पंजे ताणून पांघरूण ढकललं. पांघरूण हललं नाही. "ही घे दुसरी! आणि ही..."

तिसरी पुरी झालीच नाही. "अगं आई गं! धरलं! मेलो! पोटरी! दोरी आणा, दोरी!"

महाराजांची दोऱ्यांची पिशवी उशांच्या गठ्ठ्याखाली कुठंतरी दबलेली. बाया किंचाळत मागे सरल्या. "मंत्र म्हणा, महाराज!" लिफ्टवाला कळवळून म्हणाला.

"सूट सूट... आई आई आई!"

कुणी काही करायच्या आत मावशी पुढे धावली होती. तिनं एका हिसक्यात पायथा उपसला, महाराजांचा गुडघा सरळ केला, पावलाखाली तळवा लावून पंजा हळूहळू नडगीकडे रेटला आणि दुसऱ्या हातानं पोटरी चोळू लागली. महाराजांचं तोंड थोड्या वेळानं माणसासारखं झालं.

"मावशी," भाची हळूच म्हणाली, "हे कुठं शिकलीस?"

मावशीचे हात थांबले.

"ताई करायची. आम्ही नव्यानं कामाला लागलो तेव्हा, दिवसभर उभं राहून रात्री माझ्या पायात गोळा यायचा. मी ओरडायच्या आत ती उठून पायथ्याशी बसलेली असायची. पाय धरायची माझे..." आणि मग भरल्या डोळ्यांनी तिनं महाराजांकडे बघितलं. "अहो, सोडवायला धरायची ती!"

भाचीनं स्वतःच्या बुटाची नाडी उपसली, पावलात अडकवली आणि ओढून दाखवली.

"बघा. पंजा वर आला, पोटरी ताणली. आखडलेली पोटरी अशीच सुटते. पिवळी दोरी घ्या, नाहीतर ही मळकी नाडी. घट्ट पांघरूण रात्रभर पंजे खाली दाबून ठेवतं, पोटरी आखूड होऊन पडते, आणि जरा पाय ताणला की गोळा. आई गेली, मावशी मुकादम झाली आणि पांघरुणं घट्ट झाली. मग दोरीसाठी पायथे मोकळे सोडले आणि गोळे कमी झाले. महाराजांनी आईचं जाणं तेवढं पाहिलं."

"आणि मंत्र?" रखवालदार.

"गोळा बहुतेक वेळा थोड्या वेळात आपला आपण सुटतो. तेवढ्यात मंत्र म्हणा की बाराखडी, जे म्हणाल त्यालाच शाबासकी! पण ऐका, सगळे गोळे पांघरुणानं येत नाहीत. कुणाला उभं राहून येतात, कुणाला एखाद्या औषधानं, आणि पुष्कळदा कारण सापडतच नाही. झोपण्याआधी भिंतीला हात टेका, टाच जमिनीवर रोवा, पोटरी ताणा. वारंवार आले, पाय सुजला, बधिर झाला, तर डॉक्टर गाठा. आणि औषध आपल्या मनानं बंद करायचं नाही."

महाराज एव्हाना लंगडत दारापर्यंत पोचले होते.

"महाराज, दोऱ्या राहिल्या!" लिफ्टवाल्यानं हाक मारली.

ते वळले नाहीत. दोऱ्या वाया गेल्या नाहीत म्हणा. बायांनी त्या एकमेकींना गाठी मारून जोडल्या आणि ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत कपडे वाळत घातले.

मावशीनं फोटो पदरानं पुसून खिळ्याला लावला. शाल अंगावर घेतली. "रागावू नकोस गं ताई," एवढंच म्हणाली. आजही ती झोपताना देवाचं नाव घेते, मनापासून घेते, पण पायथा मोकळा सोडून.

देवाला हाक जरूर मारावी, मंडळी. गळा मोकळा करून गावं त्याला. पण तो आपल्या पोटऱ्या पिळतो, आणि त्या कामाला आपलंच गेलेलं माणूस नेमतो, असं कुणी सांगू लागलं तर आधी विचारा, दुखणं सुरू झालं तेव्हा घरात आणखी काय बदललं होतं? एवढं विचाराल तर कुणा मायेच्या माणसाचा फोटो भट्टीत जाणार नाही.

आणि आज रात्री अंथरुणावर पडताना पांघरुणाचा पायथा उपसून मोकळा कराल, तेव्हा क्षणभर त्या ताईची आठवण काढा.