भरत्या टाकीचं समीकरण

सौदा झाला तेव्हा ज्योत्स्नाच्या वाट्याला साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेतलं उन्हाळी ट्रेनिंग येणार होतं आणि तानाजीच्या वाट्याला गणितात पास होणं. बिदरच्या कॉलेजात गणित शिकवणाऱ्या गुरुपादय्या सरांनी जोडीजोडीला प्रश्न दिले होते. ट्रेनिंगची जागा एकच, ती ज्यानं सोडवलं त्याची. ज्योत्स्ना भालकीला मराठी शाळेत शिकलेली. इंग्रजीत बोलायचं म्हटलं की शब्द जुळवण्यातच वेळ जायचा, पण डिफरन्शियल इक्वेशन तिला चटकन सुटायचं. तानाजीचं उलट. म्हणून तिनं सोडवायचं, सेमिनारला सरांपुढं त्यानं इंग्रजीत बोलायचं. शिकवणी भालकी-बिदर बसमध्ये.

"पाक जेवढा टाकीत यायलाय तेवढाच बाहेर जायलाय, म्हणून व्ही, म्हंजे टाकीतला एकूण पाक, स्थिर. कळलं?"

"मास्तरीणबाई, तुम्ही म्हणता तर व्हय."

"मी म्हणते म्हणून न्हाई. व्हीनं भागलं कामून, ते सांग."

"तुझा विश्वास न्हाई का माझ्यावर?"

"विश्वासाला मार्क न्हाईत."

सेमिनारला तानाजी झकास बोलला. सर म्हैसूरकडचे, मराठी येत नाही. त्यांनी विचारलं, सोडवलं कोणी?

"मीच, सर," तानाजी इंग्रजीत म्हणाला. "हिनं छान अक्षरात उतरवून दिलं."

ज्योत्स्ना मनात इंग्रजी वाक्य जुळवेपर्यंत सरांचा पुढचा प्रश्न आला : येणारा पाक जास्त आणि जाणारा कमी असेल तर?

"समीकरण तेच राहील, सर."

इथं ती गप्प राहती तर तानाजी आपोआप उघडा पडता. पण फळ्यावर चुकीचं समीकरण तिला बघवेना.

"अरे, टाकी भरायलीय की!" ती मराठीत पुटपुटली. "व्ही स्थिर कसा? वेळेबरोबर वाढव त्याला."

तानाजीनं ते तिथल्या तिथं इंग्रजीत केलं. सरांनी पाठ थोपटली.

परतीच्या बसमध्ये त्यानं तिच्यासाठी जागा धरली होती.

"रागावलीस व्हय? तुला तिथं बोलता आलं नसतं. जागा तिसऱ्यालाच गेली असती. कारखान्यात काही अडलं तर फोन करतो, सांगशील ना?"

"इंग्रजीत विचार."

"कामून?"

"मला कळणार न्हाई."

ती दाराजवळ जाऊन उभी राहिली.

तर तानाजी पासही झाला आणि जागाही त्यालाच मिळाली. सरांना हुशार विद्यार्थी सापडला. ज्योत्स्नाला सुवाच्य अक्षराची शाबासकी मिळाली, आणि तानाजी व सर या दोघांच्याही कमाईची किंमत तिनं एकटीनं भरली.