बाकावरचा बांड्या

"तो तांबड्या आला का परत?" टँकरची नळी हौदात सोडता सोडता भिकनने जिन्याखालच्या खोलीकडे तोंड करून विचारले.

उत्तर यायला वेळ लागला. पाणी हौदाच्या तळाशी आपटत होते, टँकरवाला मोबाइलवर कुणाशी तरी भांडत होता, आणि भिकन दोन्ही आवाज बाजूला सारून तिसऱ्या आवाजाची वाट पाहत होता.

"आला," आतून त्याची लेक बाना म्हणाली. "पण कोच खेळवत नाय त्याला."

"कामून?"

"सोताचा डबा दुसऱ्याला दिला अन् उपाशी खेळला. चक्कर येऊन पडला."

"येडंच हाय," भिकन म्हणाला. त्या दिवशी बानाच्या तोंडून निघालेली ही पहिलीच वाक्ये होती.

उस्मानपुऱ्यातल्या या चारमजली इमारतीचा भिकन रखवालदार होता. गाड्या लावायच्या जागेच्या टोकाला, जिन्याखाली त्याला दोन खोल्या मिळाल्या होत्या. दौलताबादच्या बाजूची चराऊ माळराने प्लॉटिंगवाल्यांनी तारेच्या कुंपणात घेतली, तेव्हा आपली मेंढरे धाकट्या भावाच्या, सोनाजीच्या, कळपात घालून तो शहरात आला होता. बायको कस्तुराबाई वरच्या घरांतली धुणीभांडी करी. एकुलत्या एका लेकीला त्यांनी आजीचे नाव दिले होते. बानाला पोलीस व्हायचे होते. भरतीच्या तयारीसाठी तिच्यासह पाच मुली एकत्र खोली करून राहिल्या, पहाटे एकत्र धावल्या, एकाच ताटात जेवल्या. मैदानावरच्या चाचणीत धावताना बानाचा डावा गुडघा आतून फाटला आणि ती मातीत पडली. उरलेल्या चौघी तिला वळसा घालून पुढे गेल्या. नियमाप्रमाणे तेच योग्य होते. जी थांबली असती तिचेही स्वप्न तिथेच संपले असते. हे बानाने स्वतःच एकदा सांगितले, अगदी शांतपणे, आणि त्यानंतर तिने बोलणे सोडले. त्या चौघी आता वर्दीत होत्या.

ऑपरेशन चांगले झाले. हाड, स्नायू, आत बसवलेला नवा बंध, सगळ्यांबद्दल डॉक्टर निश्चिंत होते. गुडघा बरा होता. तो वापरायची इच्छा कोणत्याही तपासणीत दिसत नाही, एवढीच अडचण होती. व्यायाम करवून घेणारी बाई दोनदा येऊन तिसऱ्यांदा आली नाही. डॉक्टरांनी भिकनला बाहेर घेऊन स्पष्ट सांगितले, "रोज वाकवला नाही तर आत चिवट जाळं धरतं. मग पाय काठीसारखा राहील. पुढच्या तपासणीपर्यंत वाकलाच पाहिजे."

कस्तुराबाईने खंडोबाचा भंडारा लावला, मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या. भिकनने आधी समजूत घातली, मग तो ओरडला, मग लेकीच्या पाया पडला. बाना पाय ताठ पसरून भिंतीकडे तोंड करून पडे आणि मोबाइलवर जपानी चित्रांची मालिका पाही. एका गावच्या शाळेचा व्हॉलीबॉलचा संघ, आणि बोलणे हिंदीत.

एकदा खरीच मॅच चालू आहे असे वाटून भिकनने विचारले, "कोण जितलं?"

"अजून सर्व्हिसच चालूय," बाना म्हणाली.

कित्येक दिवसांनी ती बोलली होती. भिकन तिथेच खाली बसला.

ती सर्व्हिस त्यानंतरही बराच वेळ चालली. चेंडू हवेत असताना मारणाऱ्याचे बालपण, त्याच्या आजीचे आजारपण आणि थोरल्या भावाशी झालेला अबोला, एवढे सगळे सांगून झाले. उंचावरून सुटलेली वस्तू इतका वेळ खाली येत नाही, हे समजायला शाळा शिकावी लागत नाही. भिकनला ते प्रथम खुळचट वाटले. एका चेंडूसाठी दाढीमिशा फुटायला आलेली पोरे ढसाढसा रडत होती. पण यातले काही विचारले की लेक उत्तर देते, हे त्याच्या ध्यानात आले. दुसऱ्या कशालाच ती उत्तर देत नव्हती. म्हणून तो रोज विचारू लागला.

"समदे एकावाणी एकच दिसत्यात," कस्तुराबाई दारातून म्हणे. "बशीएवढाले डोळे. तुमाला वळखू तरी येत्यात का?"

"शहरातल्या लोकांला मेंढरं बी एकावाणीच दिसत्यात."

भिकन तोंडे पाहतच नव्हता. तो मानेची ठेवण पाही, पाऊल कसे पडते ते पाही. त्यांच्या जपानी नावांना त्याची जीभ वळेना, तेव्हा त्याने कळपात देतात तशी नावे दिली. लाल केसांचा तांबड्या. मुंडण केलेला भुंड्या. डोळ्यांवर केस येणारा झिपऱ्या. बाटल्या भरून देणारी, कधी न बोलणारी पोरगी ती मुकी. आणि काळ्या केसांत पांढरा पट्टा असलेला, कायम बाकावर बसून टाळ्या वाजवणारा तो बांड्या. बाना नावे ऐकून ओठ घट्ट दाबी. ते हसू होते की नाही, याची खात्री नव्हती.

मालिकेची एक रीत होती. प्रत्येकाची पाळी येई. बाकावरच्याची, मुकीची, समोरच्या संघातल्या आडदांडाचीसुद्धा. तो आडदांड घरी जाऊन आजारी आईच्या पायाला तेल लावी. ते पाहिल्यावर तो हरावा असे वाटेना, आणि तांबड्या हरावा असेही वाटेना. वाईट कोणीच नव्हते, तरी कोणीतरी हरत होते. भिकनला जगाबद्दल एवढे खरे कोणी सांगितले नव्हते.

एक तुकडा बाना पुन्हा पुन्हा मागे नेऊन पाही. भुंड्या पडतो, शिट्टी वाजते, आणि दोन्हीकडची पोरे त्याच्याकडे धाव घेतात. तिसऱ्या वेळी तो तुकडा लागला, तेव्हा भिकन मोबाइलकडेच पाहत म्हणाला, "कळप थांबत नसतो, बाई. त्याचा काय दोष नसतो. वेरूळच्या रस्त्यावर मी काठी आडवी धरून ट्रक थांबवायचो. शेवटचं लंगडं पार होईस्तोवर सोडायचो नाय. डायव्हर आईबहिणीवरून शिव्या द्यायचे."

"अन् तुमी मागं बघायचे का, त्ये आलं का म्हणून?"

"नाय. उठू बघणाऱ्या जनावराकडं बघू नाय. बघितलं की त्ये बसतं. खुरांवरून कळायचं."

 तुकडा पुन्हा मागे गेला.

रविवारी सोनाजी आला. पायातल्या वहाणा दाराबाहेर काढून तो पलीकडच्या खोलीत बसला आणि कस्तुराबाईने चहाचे आधण ठेवताच मुद्द्यावर आला.

"दादा, एक जागा हाय. बायको वारलेली, पर पोरबाळ नाय. पायाचं त्याला चालतंय म्हणला."

"चालतंय म्हंजी?" कस्तुराबाईने विचारले.

"म्हंजी उपकार करतोय का, असं नका धरू, वहिनी. पर बसवून किती दिस ठिवणार? अन् दादा, तू म्हणं कार्टून बघतो. वरच्या मजल्यावरली बाई मला जिन्यात हसून सांगत व्हती. म्हातारपणी चळलास का?"

भिंतीपलीकडे मोबाइलचा आवाज एकदम मोठा झाला. एक संपूर्ण जपानी शाळा हिंदीत जयजयकार करू लागली.

"चहा घे," भिकन म्हणाला. "निवतोय."

"घेतो. पर त्ये संपल्यावर काय करशील, त्ये बी सांग."

सोनाजीने हे टोचायला म्हणून विचारले होते. भिकनला मात्र ते फार खोल लागले. कोणतीही मालिका कधीतरी संपते, आणि हीही अर्ध्याच्या पुढे गेलेली होती. ती संपली की लेकीशी बोलायला त्याच्यापाशी काहीच उरणार नव्हते. तपासणी त्याच्याही नंतर होती.

त्या संध्याकाळपासून तो विसरू लागला.

"ह्यो झिपऱ्या मधीच कुठून आला?"

"आबा, कालच तर दावला! गाव सोडून आला नव्हता का त्यो?"

"ध्यानात नाय, बाई. मागं घे जरा."

बाना मागे घेई. झिपऱ्या पुन्हा गाव सोडी, पुन्हा बसस्टँडवर रडे. भुंड्याची आजी पुन्हा आजारी पडे. दोन भाग पुढे सरकले की भिकन एक भाग मागे ओढी. एके काळी चोरीला गेलेले कोकरू पुरते मेंढरू झाल्यावर भर बाजारात दुसऱ्याच्या कळपातून त्याने ओळखून काढले होते, आणि अख्ख्या वाडीत त्याची वाहवा झाली होती. आता तो माणूस दात नसलेल्या म्हाताऱ्यासारखा विचारत होता, "ह्यो तांबड्याच ना?" आपण करतो आहोत ते किती केविलवाणे आहे हे त्याला पुरेपूर कळत होते. दुसरा दोर हातात नव्हता.

एका गोष्टीत मात्र त्याने सोंग केले नाही. अंतिम सामन्याच्या आधीच्या सरावात बांड्या धावत आला आणि उडी मारून खाली उतरला. भिकन पुढे वाकला.

"उजवा पाय चोरतोय."

"कोण?"

"बांड्या. खूर टेकवत नाय नीट. लंगडणार हाय ह्यो."

"आबा, चित्र हाय त्ये!"

"चित्र आसंल. काढणाऱ्याला दिसल्याबिगर तसं काढील का?"

"काढणाऱ्याला घाई आसंल! पगार कमी आसंल!" बानाचा आवाज चढला. तिने तुकडा मागे घेतला, थांबवला, पुन्हा सोडला. "हे बगा. दोन्ही पायावर उतरतोय."

"उजवा उशिरा टेकतोय. मी सांगतो ना."

"अहो, नाय! उडी मारून उतरलं की असंच व्हतं." ती खाटेच्या कडेला सरकली होती. दोन्ही पाय खाली सुटले होते. "हा पाय पयला टेकतो, मग भार ह्या पायावर येतो, अन् गुडघा असा—"

डावा गुडघा वाकला. ऑपरेशन झाल्यापासून तो एवढा कधीच वाकला नव्हता.

भिकनने झटकन मान वळवली आणि मोबाइलमधल्या थांबलेल्या बांड्याकडे टक लावून पाहू लागला. 

"वाकला!" दारातून कस्तुराबाई ओरडली. तिच्या हातातली परात खाली पडली. "वाकला गं बाई! येळकोट येळकोट! अहो, बगा की, वाकला!"

बानाने पायाकडे पाहिले. मग बापाच्या वळवलेल्या मानेकडे. कळ त्याच क्षणी आली असावी. दोन्ही हातांनी तिने पाय उचलून खाटेवर ताठ ठेवला.

"तुमी मुद्दाम केलं."

"नाय, बाई. मला खरंच—"

"बाजारात मेंढरू वळखलं होतं तुमी. अन् झिपऱ्याला इसरता व्हय? मला काय कळत नाय?" तिने चादर पायावर ओढली. "मी काय मेंढरू हाय का, आबा?"

 झिपऱ्याबद्दल भिकन खोटे बोलला होता. बांड्याच्या पायाबद्दल खरे बोलला होता, आणि ते आता कोणालाच पटण्यासारखे नव्हते.

बानाने मोबाइल बंद करून उशीखाली सारला. त्यानंतर मालिकेबद्दल विचारले तरी ती बोलेना. भाकरी ताटात वाळून जाई. कस्तुराबाई स्वतःच्या तोंडात मारून घेई, "ही जीभ झडली का नाय माझी." पहिल्यापेक्षाही हे वाईट होते, कारण आता भिंतीकडे वळलेल्या त्या पाठीला सगळे ठाऊक होते. भिकन एकटाच दवाखान्यात जाऊन आला. डॉक्टर म्हणाले, नाहीच वाकला तर भूल देऊन जोर लावून पाहू. खात्री देता येत नाही. परतताना भिकन क्रांती चौकात सिग्नल सुटल्यावरही सायकलवर तसाच उभा राहिला. मागचे रिक्षावाले "ओ चचा, सो गये क्या?" म्हणत बाजूने निघून गेले. सोनाजीचा फोन आला. त्या जागेचे काय, असे त्याने विचारले. भिकन म्हणाला, "दोन दिसांनी सांगतो." आपण नाही म्हटलेले नाही, हे फोन ठेवल्यावर त्याला जाणवले, आणि तो हौदाच्या कठड्यावर बराच वेळ बसून राहिला.

तपासणीच्या आदल्या संध्याकाळी कस्तुराबाई वर भांडी घासायला गेली होती. भिकन फाटकाशी प्लास्टिकच्या खुर्चीवर, रस्त्याकडे तोंड करून बसला होता. पाठीमागे खोलीत मालिकेचे गाणे सुरू झाले.

तो उठला नाही. आवाज मोठा होता. पडल्या पडल्या पाहणाऱ्याला एवढा आवाज लागत नाही. फाटकापर्यंत पोचेल एवढा तो होता. भिकनने फक्त ऐकले. बूट लाकडावर करकरले, चेंडू फटाफट वाजला, कोणीतरी तांबड्याला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारली. मग लांबलचक शिट्टी, आणि शांतता. ती कशी शांतता आहे हे त्याला कळले. संघ हरला होता. पोरे रडली, एकेकाने ओळीने आभार मानले, आणि गाणे पुन्हा लागले. मग तेही बंद झाले.

भिकनने डोळे मिटले. दोर संपला होता.

खाट करकरली.

मग बराच वेळ काही नाही. मग जिन्याजवळच्या पहिल्या स्कूटरचे स्टँड किंचित कुरकुरले, सीटवर भार टाकल्यावर कुरकुरते तसे. भिकनच्या मानेतली शीर न् शीर मागे वळू पाहत होती. त्याने खुर्चीचे हात घट्ट धरले.

"बांड्याला घेतलं शेवटी," मागून बानाचा आवाज आला. तिला धाप लागली होती.

भिकन समोरच्या रस्त्याला म्हणाला, "लंगडला का?"

"नाय. तुमी चुकले." दुसरी स्कूटर कुरकुरली. "एकच चेंडू मारला. बाहेर गेला."

"जाऊंदे."

एक पाऊल पडे आणि दुसरे घासत येई. मध्येच एक हुंदका आला, दातांत धरलेला. तिसऱ्या गाडीचा आरसा तिच्या हाताने फिरला असावा. संध्याकाळच्या उन्हाचा तुकडा फाटकाच्या खांबावरून सरकत गेला. तिथून फाटकापर्यंत किती गाड्या उभ्या होत्या हे भिकनला पाठ होते. त्याने त्या मोजल्या नाहीत.

तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरच्या साहेबांची मोटार रस्त्यावरून वळून फाटकासमोर उभी राहिली. हॉर्न वाजला. फाटक पूर्ण उघडायला हवे होते, आणि मोटार आत आली असती तर वाटेतल्या माणसाला बाजूला व्हावे लागले असते. भिकन उठला. उघड्या फटीत पाय रोवून मोटारीकडे तोंड करून उभा राहिला आणि त्याने उजवा हात आडवा धरला.

हॉर्न पुन्हा वाजला, या वेळी लांब. काच खाली झाली. "ओ भिकन! बहिरा झालास का?"

भिकनने हात खाली घेतला नाही. मागे पाऊल घासत होते, आणि तो कान देऊन ऐकत होता.