चार तुकड्यांतला मी

मित्रांनो, 'मी एक जुना चुंबक आहे' एवढे सांगून मोकळा झालो असतो, पण माझी गोष्ट तितकी सरळ नाही. मी चार तुकड्यांत आहे. चारही तुकडे स्वतःला 'मी' म्हणतात आणि चौघांनाही सगळे पहिल्यापासून आठवते. त्यातला कोणता आत्ता तुमच्याशी बोलतो आहे, ते विचारू नका. मी स्वतःला पुष्कळदा विचारून पाहिले आहे. उत्तर चार जागांहून येते आणि चारही उत्तरे एकच असतात.

जन्माने मी साधी पोलादी पट्टी. पोलादाच्या आत बारीक बारीक कण असतात आणि ज्याचे तोंड त्याला वाटेल तिकडे. नुसता गलका. एका कारागिराने मला तारेच्या वेटोळ्यात ठेवले, बटण दाबले, आणि आतला तो गलका एकदम थांबला. सगळ्यांनी एकाच दिशेला मान वळवली. तुमच्या वर्गातली सगळी मुले न सांगता एकाच क्षणी खिडकीकडे पाहू लागली तर कसे वाटेल? मला तसे वाटले. तेव्हापासून मला दोन टोके आहेत. कारागिराने उत्तरेच्या टोकाला लाल रंग दिला आणि दक्षिणेच्या टोकाला निळा.

मग मला माझ्या जुळ्या भावाशेजारी लाकडी पेटीत निजवले. आम्हाला ठेवायची एक रीत असते. दोघांनी शेजारी पण उलटसुलट निजायचे, माझ्या लाल टोकाशेजारी त्याचे निळे. मध्ये लाकडाची चिप आणि दोन्ही बाजूंना मऊ लोखंडाची एकेक छोटी पट्टी, आमची टोके जोडणारी. या पट्ट्या नसल्या तर आमची शक्ती हळूहळू झिरपून जाते. बाहेरून काही दिसत नाही. एके दिवशी साधी टाचणी उचलली जात नाही, तेव्हा लोकांच्या ध्यानात येते.

एका शाळेच्या प्रयोगशाळेत माझे आयुष्य गेले. लांबलचक खोली, उंच स्टुले, आणि काचेच्या कपाटात माणसाचा अर्धा पुतळा. त्याचे पोट उघडे होते आणि एक डोळा काढून पुन्हा बसवता येत असे. विज्ञान शिकवायला एक बाई होत्या. कडक, पण मुलांना आवडत. त्यांचा धाकटा भाऊ तिथेच उपकरणे दुरुस्त करायचा. लहानपणापासून हात स्वस्थ नसायचे म्हणून बाई त्याला खटपट्या म्हणत, आणि मुलांनी त्याचा खटपटमामा करून टाकला होता.

बाईंचा एक धडा कोणत्याही पुस्तकात नव्हता. दर वर्षी एकदा त्या मोठ्या टेबलावर निरनिराळ्या विषयांच्या वस्तू मांडत. मी अर्थात सर्वांत पुढे. माझ्या शेजारी बॅटरी, एक बाजू अधिक, एक उणे. मग पृथ्वीचा गोल, वर बर्फ आणि खालीही बर्फ. सूक्ष्मदर्शकाखाली दुभागणारी पेशी, तिच्या आतले धागे दोन टोकांकडे ओढले जात असलेले. दुसऱ्या काचेवर डोळ्याच्या पडद्यातली एक चेतापेशी, दोन हातांची. एका हाताने उजेडाची बातमी घ्यायची, दुसऱ्या हाताने पुढे द्यायची. आणि शेवटी एका म्हाताऱ्या ताऱ्याचे चित्र. त्याच्या पोटातून दोन उलट दिशांना वायूचे लोट निघालेले, अंधारात उघडलेल्या दोन पंखांसारखे.

"विषय वेगळे, पण गोष्ट एकच," बाई म्हणायच्या. "दोन टोकं म्हणजे दोन शत्रू नव्हेत रे. त्या दोघांच्या मधे जे असतं ना, तीच वस्तू."

मग त्या माझ्यावर कागद ठेवून लोखंडाचा कीस भुरभुरत आणि कागदाला टिचकी मारत. कीस आपोआप उठून रेषा धरी. दोन टोकांवर दोन काळेभोर गोळे उमटत, आणि कागदावरून कोणीतरी डोळे उघडून पाहते आहे असे दिसे. पुढच्या बाकावरची मुले नकळत मागे सरकत. खरे सांगतो, मला तेव्हा मोठी ऐट वाटायची.

दोन टोकांची एक गोष्ट मात्र बाई त्या टेबलावर कधीच मांडत नसत.

मामाचे काही दिवस लखलखीत असत. मग तो झोपायचा नाही, जेवण विसरायचा, बंद पडलेली सगळी घड्याळे एकदम खोलून बसायचा. एकदा सगळी स्टुले लाल रंगवून टाकली. मुले खूश, हेडमास्तर लालेलाल. बोलणे इतके भरभर की एक वाक्य संपायच्या आत तिसरे सुरू. आणि मग काही आठवड्यांनी तोच मामा हातात पेचकस धरून बसलेला दिसायचा, सकाळी जसा तसा दुपारी. ऊन त्याच्या पायावरून चढून खांद्यावर जायचे, पण पेचकस हलायचा नाही. कपाटातला अर्धा पुतळा जिवंत वाटावा, इतका तो स्तब्ध असे.

डॉक्टरांनी या आजाराला नाव दिले होते, द्विध्रुवी. गोळ्या दिल्या होत्या. त्या घेतल्या की मामा बरा असायचा, कामापुरता बोलायचा, वेळेवर जेवायचा. पण एके दिवशी रिकाम्या प्रयोगशाळेत भावाबहिणीचे बोलणे माझ्या कानी पडले.

"ताई, गोळ्यांनी निळं जातं ते बरंय. पण लालसुद्धा फिकं पडतं गं. मला माझं लाल पाहिजे."

"फिकं पडू दे. तू तर असतोस ना?"

"हा फिका कोण, तेच मला कळत नाही."

"खटपट्या, गोळी सोडायची नाही. शपथ आहे तुला माझी."

"बरं," तो म्हणाला. आणि 'बरं' म्हणताना त्याने माझी पेटी उघडली, उगाच हाताला चाळा म्हणून, आणि बंद केली.

सुट्टी लागली. शाळा ओस पडली, आणि मामाचे लखलखीत दिवस पुन्हा सुरू झाले. आधी त्याने आमच्या टोकांच्या लोखंडी पट्ट्या काढून नेल्या, दिवा टांगायला वाकवून आकडे करायला. पेटीत जागा रिकामी झाली. मग रोज त्या जागेत एक गोळी येऊन पडू लागली, न गिळलेली. माझ्या लाल टोकाशी एकेक पांढरी गोळी जमत होती. ती मला ओढता येत नव्हती आणि ढकलताही येत नव्हती. लोखंड नसलेल्या गोष्टींपुढे माझे काही चालत नाही. माझी शक्ती झिरपत होती आणि त्याचीही. हे फक्त मला ठाऊक होते, आणि मला तोंड नव्हते.

एका टळटळीत दुपारी त्याने मला पेटीतून उचलले. पडदे ओढलेले होते. तो माझ्याशीच बोलत होता.

"तुझं माझं दुखणं एकच, दोस्ता. निळं टोक. कापून टाकू या. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, बघू तरी!"

त्याने मला कामाच्या बाकावरच्या लोखंडी शिकंज्यात आवळले, बरोबर मध्यावर, लाल रंग संपून निळा सुरू होतो तिथे. तिकोनी कानशीने खोल खाच पाडली आणि हातोडीचा घाव घातला. चुंबकाचे पोलाद वाकत नाही, मोडते. कट्कन आवाज झाला.

मित्रांनो, मला वाटले होते की मी मरेन. मेलो असतो तर समजण्यासारखे होते. पण एका क्षणात मी शिकंज्यातून खोली पाहत होतो आणि फरशीवरूनही खोली पाहत होतो. दोन्हीकडून मामाचा चेहरा दिसत होता, एकदा खालून आणि एकदा समोरून.

त्याने निळा अर्धा पायाने दूर लोटला. लाल अर्धा उचलून होकायंत्राजवळ नेला. लाल टोक ठीक होते. मग हसत हसत त्याने तुटलेली कड पुढे केली. त्या कडेला रंग नव्हता, नुसते उघडे चकचकीत पोलाद. सुई थरथरली, गर्रकन फिरली, आणि तिचे लाल टोक त्या कडेकडे धावत आले.

तुटलेल्या जागी नवे निळे टोक उगवले होते.

मामाचे हसू मावळले. त्याने लाल अर्धा पुन्हा मोडला. पुन्हा सुई फिरली. फरशीवरचा निळा अर्धा शोधून आणला, तोही मोडला. त्याच्या एका टोकाला आता लाल उगवले होते, टाकून दिलेल्याला लाल मिळालेले त्याला बघवेना. माझे चार झाले, आणि चौघांनाही दोन दोन टोके. तो सुईकडे पाहत राहिला. त्याच्या आतले काहीतरी त्या वेळी विझले. मला ते विझताना ऐकू आले. तारेच्या वेटोळ्यातला प्रवाह बंद केला की आवाज येतो, तसा बारीक.

"म्हणजे जातच नाही," तो म्हणाला. कोणाला म्हणाला कोण जाणे.

त्याने तीन तुकडे शर्टाच्या खिशात टाकले. एक, लाल टोकाचा, बाकावरच राहिला. तो गेला.

रात्री मामा घरी आला नाही. दुसऱ्या दिवशी बाईंनी गाव पालथा घातला. दवाखाना झाला, बस थांबा झाला, मित्र झाले, पोलिसांत सांगून झाले. नदीच्या पुलावर जाऊन त्या खाली वाकून पाहून आल्या. शाळाही शिपायाला घेऊन धुंडाळली. प्रत्येक दार उघडले, हाका मारल्या. कोठून 'ओ' आली नाही.

दुपार कलताना त्या प्रयोगशाळेत परत आल्या. एकट्याच. पेटी उघडी दिसली म्हणून जवळ आल्या आणि त्यांना त्या गोळ्या दिसल्या. बाईंनी तोंडावर पदर धरला. मग शिकंज्याखालचा कीस दिसला, मग मी. त्यांनी मला हातात घेतले, तुटलेली कड चाचपली, आणि त्यांना सगळे कळले.

माणूस दुःखात असला की हात सवयीचे काम करतात. बाईंनी दोरा घेतला, माझ्या मधोमध बांधला, आणि भिंतीलगतच्या फळीवरच्या लाकडी स्टँडला मला टांगले, नेहमी वर्गात टांगायच्या तसे. मी हेलकावे खाल्ले, फिरलो आणि थांबलो.

उत्तरेकडे नाही. भिंतीकडे.

बाईंनी डोळे पुसून पुन्हा पाहिले. त्यांनी मला बोटाने फिरवून सोडले. मी पुन्हा भिंतीकडे तोंड केले. ती खरी भिंत नव्हती, पातळ लाकडी फळ्यांचा आडोसा होता, त्याच्यापलीकडे मोडक्या सामानाची कोठी. त्यांनी जवळ कोठे लोखंड आहे का पाहिले. नव्हते.

आणि मग त्यांच्या लक्षात आले की मी पुरता थांबलोच नाही. मी हलत होतो. अगदी थोडा पुढे, थोडा मागे. पुन्हा पुढे, पुन्हा मागे. वारा नव्हता, खिडक्या बंद होत्या. बाई निश्चल उभ्या राहिल्या. त्यांच्या अंगावर सरसरून काटा आला, तो मला दिसला. माझी चाल त्यांच्या ओळखीची होती. भाऊ रांगत्या वयाचा असताना तापाने फणफणला, तेव्हा त्याच्या छातीवर हात ठेवून त्यांनी ती मोजली होती.

आडोशापलीकडे कोणीतरी श्वास घेत होते.

आडोशाच्या त्या बाजूला मी होतो, तीन तुकडे, त्याच्या खिशात. खोक्यांच्या मागे, अंग चोरून, कपाळ आणि छाती आडोशाला टेकून तो कालपासून बसला होता. बहिणीच्या हाका त्याने ऐकल्या होत्या, पण 'ओ' द्यायचे बळ उरले नव्हते. छाती वर आली की मी जवळ यायचो, खाली गेली की दूर जायचो. मी मला बोलावत होतो, आणि मी मला ओ देत होतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तो असा.

बाई धावल्या. कोठीचे दार उघडले, खोकी ढकलली. मी खिशातून त्यांचा चेहरा पाहिला. मला वाटले, आता रागावतील, शपथेची आठवण देतील. त्या मात्र धुळीत त्याच्या शेजारी बसल्या आणि खांद्याला खांदा लावला. तोच आधी बोलला.

"ताई, मोडून पाहिलं. नाही जात गं."

"माहीत आहे."

"मग काय करायचं?"

"उठायचं. पाणी प्यायचं. मग डॉक्टरांकडे जायचं. मी आहे."

तो उठला. लगेच नाही, पण उठला.

मामा बरा व्हायला खूप दिवस लागले. परतल्यावर त्याने पहिले काम केले ते दिव्याचे आकडे सरळ करून लोखंडी पट्ट्या पुन्हा आमच्या पेटीत आणून ठेवण्याचे. मग त्याने माझे चार तुकडे ओळीने मांडले, आणि डिंकाची बाटली शोधायला वळला. तेवढ्यात माझ्या तुटलेल्या कडा आपणहून एकमेकींकडे सरकल्या आणि टक् टक् टक् करत चिकटल्या. ज्या टोकांचा त्याने इतका राग केला, त्याच टोकांनी मला धरून ठेवले आहे. सांधे दिसतात, जोरही पूर्वीचा राहिला नाही. घाव सोसलेल्या चुंबकाचा राहत नाही.

पुढच्या वर्षी बाईंनी टेबल मांडले. म्हाताऱ्या ताऱ्याचे चित्र दाखवून झाले. मुले उठणार, इतक्यात मामा मागून पुढे आला आणि त्याने माझ्या शेजारी गोळ्यांचे एक पाकीट ठेवले. बाईंचा चेहरा पांढरा पडला. पण त्यांनी त्याला थांबवले नाही.

"हा शेवटचा नमुना," मामा म्हणाला. "मी. मी काही चुंबक नाही हं, माझी टोकं जागच्या जागी बसत नाहीत, येतात जातात. पण या नमुन्यालाही पट्टी लागते. ही माझी."

पुढच्या बाकावरची मुले पाकिटाकडे वाकली. मग एका मुलीने विचारले, "मामा, खूप दुखतं का?"

"कधी कधी. तेव्हा मी ताईला सांगतो. आधी सांगत नव्हतो."

मित्रांनो, माझे मागणे थोडके आहे. आम्हाला आपटू नका, तापवू नका, जोडीने ठेवा आणि टोकांच्या पट्ट्या काढू नका. कोणाचे एक टोक आवडले नाही म्हणून ते तोडायला जाऊ नका. तोडून ते जात नाही, तोडलेल्या जागी पुन्हा उगवते. आणि कोणी आपले माणूस हाकेला ओ देत नसेल, तर ते ऐकत नाही असे समजू नका.

आता सुट्टीतही बाई मला त्याच फळीवर टांगून ठेवतात. एखाद्या दुपारी, सगळे शांत असताना, मी उत्तर सोडून हळूच भिंतीकडे वळतो. का, ते मलाही सांगता येत नाही. माझे चारही तुकडे आता याच बाजूला आहेत, आणि कोठीत लोखंड उरलेले नाही. बाई मात्र हातातले काम टाकून उठतात आणि पलीकडे जाऊन दार उघडतात. कधी तिथे मामा खोकी लावत असतो.

"काय गं ताई?"

"काही नाही. बघायला आले."

आणि कधी तिथे कोणीच नसते. तरीही त्या आत जातात, आणि खोक्यांच्या मागे वाकून पाहूनच परत येतात.