आवळ्यावरचं पाणी

भिमीची लेक नम्रता मुंबईच्या लॅबमध्ये संशोधन करते, हे वैशाखऱ्याच्या वरच्या पाड्यात माहीत नसलेलं कोंबडंसुद्धा नाही. भिमीनेच कुणाला सांगायचं बाकी ठेवलं नव्हतं. त्यात दिवाळीनंतर लेकीचा फोन आला. "आये, तुझा आवळ्याचा काढा तपासला. सूज आली की पेशी नायट्रिक ऑक्साइड नावाचा गॅस सोडतात. आमी त्यात एक रंग घालतो, गॅस असला की तो हिरवा चमकतो. तुझा काढा घातला नि चमक गेली, म्हंजे सूज उतरवतो तो!" मग काय विचारता! भिमीला आभाळ ठेंगणं झालं.

फोन ठेवला तशी ती गेली थोरल्या जावेकडे. जनीच्या जिभेला हाड नाही. वीस वर्षं तिने भिमीच्या काढ्याला 'पाल्याचं पाणी' म्हणून नाकं मुरडली, आणि आता तिचेच गुडघे सुजून टम्म झाले होते. भिमी दारातूनच म्हणाली, "मशिनीनं पास केलाय माझा काढा. मुरबाडच्या डॉक्टरच्या गोळ्या कशाला खातेस? फेक त्या." जनीने गोळ्यांची पुडी बाजूला सारली आणि पेला पुढे केला. त्या दिवशी भिमी एक भाकर जास्त जेवली.

महिन्याने नम्रता घरी आली ती पडल्या तोंडाने. सुकटीचं कालवण ताटात तसंच.

"काय झालं गो? साहेबानं काढून टाकलं?"

"नाय गो. तुझ्या काढ्याचं सांगितलं ना, ते चुकलं माझं." नम्रताने ताट सरकवलं. "पेशी न घालतापण एकदा बघायचं असतं. नुसता गॅस, रंग नि काढा. तुझा काढा म्हणून मी एवढी हरखले, की ते बघितलंच नाय. परवा बघितलं. गॅस मीच मोजून सोडलेला, पेशी नव्हत्याच, तरी चमक गेली. आवळ्यातलं क जीवनसत्त्व मधे पडतं नि रंगाला चमकूच देत नाय. पेशींनी गॅस कमी सोडला, असं त्यावरनं म्हणताच येत नाय."

"म्हंजे काढा खोटा?"

"खोटा नाय. खरा हाय का तेच अजून माहीत नाय. मी ज्यानं बघत होते, तेच फसलं."

भिमीने टोपलीतला एक आवळा उचलला आणि रागारागाने कचकन चावला. वर तांब्या तोंडाला लावला, आणि दोन घोटांवर थांबली.

"गोड लागतंय," ती म्हणाली. "पाणी तर विहिरीचंच. यात साखर कोण घालतंय? जीभ फसली. असंच ना तुझं?"

नम्रताला हसू फुटलं. "अगदी असंच, आये."

"साहेबाला सांगितलंस?"

"लगेच. रागावले, मग म्हणाले, दुसऱ्या पद्धतीनं परत बघू. तुला सांगायचा मात्र धीर होईना."

"येडी गो येडी! आईला भ्यायची?" भिमीने तिला जवळ ओढलं. आणि एकदम तिला आठवलं. "अगो, जनीबाय! महिनाभर गोळ्या बंद हायेत तिच्या!"

"मी सांगते काकीला."

"तू बस. मशीन तुझी, पण तोंड मी चालवलंय."

जनीचं अंगण पन्नास पावलांवर, पण भिमीला माळशेज चढल्यागत धाप लागली. जनी ओट्यावर पाय पसरून बसली होती, गुडघे पहिल्याहून सुजलेले, हातात काढ्याचा पेला. भिमीने पेला काढून घेतला आणि ओच्यातला आवळा दिला.

"चाव. आता पाणी पी. कसंय?"

"गोड. त्यात काय नवल?"

"पाणी गोड नाय, जीभ फसते. मशीनपण तशीच फसली. नमीनं शोधून काढलं, नि मी उगाच छाती फुगवून गावभर सांगत सुटले. चुकले मी, जनीबाय. उद्या डॉक्टरकडं जाऊ, मी येते संगं."

आता ही धुऊन काढणार, म्हणून भिमी मान खाली घालून उभी राहिली. वीस वर्षं नाकं मुरडणाऱ्या जनीला आज आयतं कोलीत मिळालं होतं.

"आठ दिवसांतच कळलेलं मला," जनी म्हणाली. "सूज वाढत चालली, ती कळंना होय?"

"मग पीत का बसलीस, बये?"

"पाड्यात सगळे विचारत होते, जनी, गुण आला का? नाय म्हटलं असतं, तर नमी खोटी पडली असती. पोर काय तुझ्या एकटीची हाय?"

भिमीला हुंदका आवरेना. ती खाली बसली आणि जनीचे सुजलेले पाय तिने मांडीवर घेतले.

"रडतेस काय," जनी म्हणाली. "आवळा दे अजून एक. गोड लागतंय तवर पाणी पिऊन घेते."