चकचकीत शिंपले

“बघा बाई, कसे चकाचक झालेत! नाहीतर तुमच्या त्या खणांत नुसता कळकट कारभार होता,” संग्रहालयाचे नवे साहेब काचेच्या कपाटावर टिचकी मारत म्हणाले.

बाई काचेजवळ वाकल्या. शिंपल्यांचा विभाग त्या एकट्या सांभाळत, म्हणून सगळं संग्रहालय त्यांना शिंपलेबाईच म्हणायचं. सासूबाईंच्या आजारपणात त्यांनी रजा काय घेतली, इकडे साहेबांनी प्रदर्शनाचा घाट घातला आणि नदीतले सगळे जुने शिंपले सजावटवाल्याच्या हवाली केले. त्या शहाण्याने ते अ‍ॅसिडात बुडवून, घासून, वर वॉर्निश फासून आणले होते.

“यांची साल कुठे गेली?” बाईंनी कसंबसं विचारलं.

“कसली साल?”

“वरची तपकिरी! वर्षाला एक वलय उमटतं शिंपल्यावर. त्या वर्षी पाण्यात काय होतं ते त्यात राहतं. आता नदीत हा जीव औषधालाही उरलेला नाही, साहेब. नदीकाठचे कारखानावाले म्हणतात, पाणी आधीपासूनच खराब होतं. कारखान्याच्या आधीचे आणि नंतरचे शिंपले फक्त आपल्याकडे होते. पुढच्या महिन्यात तपासायला जाणार होते ते!”

“मग पाठवा की. आहेत ना इथेच?”

“अ‍ॅसिडात धुतलेले? कोण विश्वास ठेवणार त्यांच्यावर?”

साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. “अहो, होते चूक एखादी. लोकांना बघायला आवडेल असं काहीतरी नको का?”

बाईंचा नुसता तिळपापड झाला. चूक म्हणे! रुमाल धुवायला टाकावा तितक्या सहज यांनी एक अख्खी नदी धुऊन टाकली होती. आणि वर शाबासकीची अपेक्षा.

घरी नवऱ्याने समजूत घातली. “जाऊ दे ना. वर्षभरात निवृत्त होशील. कशाला वाकड्यात शिरतेस?”

“जाऊ दे, जाऊ दे म्हणतच गेली ना नदी!” बाई कडाडल्या.

उद्घाटनाला प्रमुख पाहुणे म्हणून साहेबांनी नेमके कारखान्याचे मालक बोलावले होते. बाईंना कपाटाजवळ उभं राहायची गरज नव्हती, तरी त्या उभ्या राहिल्या. मालकांनी वाकून पाहिलं.

“वा! अगदी नवे दिसतायत.”

“हो ना,” बाई म्हणाल्या. “तुमच्या कारखान्याचं काही म्हणता काही राहिलं नाही यांच्यावर. निश्चिंत राहा.”

साहेबांचा चेहरा पडला. मालक मात्र हसले. त्यांना सगळं कळलं होतं, आणि ते हसले, याचाच बाईंना जास्त संताप आला. फोटोवाला पुढे झाला, तशी सगळी मंडळी दुसऱ्या दालनात गेली.

मागे राहिलेले एक आजोबा काचेला नाक लावून बघत होते. लहानपणी पायाला टोचायचे हे, म्हणाले. “आपल्याच नदीतले ना हो? पण असे नव्हते.”

“नव्हतेच,” बाई म्हणाल्या. त्यांनी कोपऱ्यातली खुर्ची ओढून आजोबांसमोर ठेवली. “बसा. कसे होते ते सांगते.”