इथे आई

समितीने सभागृहातल्या पियानोची मुकी पट्टी दुरुस्त करून घेतली आणि पियानो शिकवणाऱ्या बाईंनी रीतसर आभार मानले. हे घडलंच नाही, असं तूर्त धरून चालू. पट्टी अजून मुकी आहे, बाईंची आई मागच्या खुर्चीत मटार सोलतेय, आणि बाईंचे सगळ्यात थोराड विद्यार्थी, म्हणजे दातांचे डॉक्टर, पियानोपुढे घाम पुसतायत.

"बाई, ही एक किडलीय. काढून टाकू?"

"हात लावून तर बघा. पुढे वाजवा."

"मग गाणं जरा खाली उतरवा की. ही पट्टी लागणारच नाही."

"आईचा सूर हाच आहे. तिला उतरवू?"

डॉक्टरांनी मागे पाहिलं आणि मुकाट्याने वाजवायला घेतलं. गाणं आईच्या माहेरचं. ओल्या चादरी पिळताना ती आणि तिच्या बहिणी म्हणायच्या. पीळ आवळला की आवाज चढायचा, आणि सगळ्यात वरचा सूर नेमका त्या मुक्या पट्टीवर यायचा. तिथे डॉक्टरांचं बोट नुसतं टक् वाजलं. मागून, मटारावरची नजर न हलवता, आई म्हणाली, "आऽऽ." गाणं पुढे सरकलं.

अशी गाणी पियानोवर बसवून बाईंनी दोन पुस्तकं केली होती. एक नवशिक्यांचं; त्यात डावा हात दोनच सूर धरून पेन्शनरासारखा बसून राहतो. दुसरं मुरलेल्यांचं; त्यात तोच हात पोलीस मागे लागल्यासारखा पळतो. गाणी तीच. चादरीच्या गाण्यात त्या जागी मात्र दोन्ही पुस्तकांत सूर नाही. रिकामी जागा, आणि खाली बारीक अक्षरात: इथे आई.

परगावच्या लोकांनी ही सूचना मनावर घेतली. एका सूनबाईंचा फोन आला: आई लांब राहते, सासूबाई चालतील का?

आईने हातातली शेंग खाली ठेवून विचार केला. "सुरात असेल तर चालेल म्हणावं. नसेल तरी बसव. तेवढा वेळ एकच सूर बोलेल."

थंडीत आई गेली.

मागची खुर्ची कोणी हलवली नाही. विद्यार्थी त्या जागेवर आले की बोट उचलायचे, तिच्या "आऽऽ"एवढं थांबायचे आणि पुढे जायचे. कोणी सांगितलं नव्हतं. डॉक्टर तर थांबताना मान किंचित मागे वळवायचे.

आता जे घडलं नव्हतं, ते घडू देऊ. वार्षिक कार्यक्रमाआधी समितीच्या सचिवांनी मेकॅनिक बोलावला. त्याने पट्टी उचलली, चिमटा आत घातला आणि तळहातावर काहीतरी ठेवून पुढे केलं. वाळून खडा झालेला मटार.

डॉक्टरांनी वाकून तो दातासारखा निरखला.

"म्हणजे किडलेली नव्हती," ते म्हणाले. "अडकलं होतं."

सचिवांनी मटार ताब्यात घेतला. "बाई, आता सूर चालू झालाय. मुलांनी वाजवायला हवा. चालू सूर न वाजवणं समितीला परवडणार नाही."

बाईंनी पट्टी दाबली. पुन्हा दाबली. मेकॅनिककडे बघून मान डोलावली. "छान लागलाय. आईचा जरा चढा लागायचा."

मग त्यांनी मागच्या खुर्चीत बसून, पाठ ताठ ठेवून, पुढील अर्ज लिहिला:

"मा. सचिव यांस. दुरुस्तीबाबत कोणतीही तक्रार नाही. सूर उत्तम लागत आहे, त्याबद्दल समितीचे आभार. तथापि, पियानोतून निघालेला मटार, एक नग, आमच्या घरचा असून सध्या आपल्या टेबलाच्या खणात आहे. तो त्याच पट्टीखाली, होता तसा, पूर्ववत बसवून मिळावा, ही विनंती."